चार आकडी कुलूप आणि चाळीस प्रयत्न

संगणक सुरक्षेचा पहिला तास बहुतेक ठिकाणी गुप्तता (माहिती नको त्याला न दिसणं), अखंडता (तिच्यात कुणी फेरफार न करणं) आणि उपलब्धता (हवी तेव्हा ती मिळणं) या तीन शब्दांनी सुरू होतो. मुलं ते वहीत उतरवतात आणि परीक्षेत जसेच्या तसे परत करतात. त्याऐवजी टेबलावर सायकलचं चार चकत्यांचं केबल कुलूप ठेवा आणि विचारा: कोकणात रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाने सायकल न्यायची आहे, वाटेत खानावळीत अर्धा तास जेवायला बसायचंय. या कुलपावर सायकल सोडाल का?

गणितात हुशार असलेला कुणीतरी लगेच हात वर करतो. आकडे चार, म्हणजे १०,००० जोड्या. सेकंदाला एक जोडी धरली तरी सगळ्या तपासायला पावणेतीन तास, सरासरीने त्याच्या निम्मे. जेवण आरामात होईल. गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

आता एकाला कुलपाची दोन टोकं ताणून धरायला सांगा आणि दुसऱ्याला चकत्या एकेक करून फिरवायला. स्वस्त कुलपात चारही चकत्यांच्या खाचा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे ताण दिला की तो आधी एकाच चकतीवर येतो. ती जड फिरते. तिचा बरोबर आकडा आला की खाचांतून जाणारी दांडी केसभर सरकते, बोटाला कळतं, आणि ताण पुढच्या चकतीवर जातो. प्रत्येक चकतीला जास्तीत जास्त दहा प्रयत्न, चार चकत्यांचे मिळून चाळीस. १०,००० कुठे आणि ४० कुठे! कधीकधी हे जमत नाही, कारण ताण फार दिला की सगळ्याच चकत्या अडकतात. हलका ताण द्यायचा, पुन्हा सोडायचा. काही कुलपांत चुकीच्या आकड्यालाही बरोबर वाटायला लावणाऱ्या फसव्या खाचा असतात. (कुलूप स्वतःचंच असावं, हे वर्गात एकदा स्पष्ट सांगून ठेवलेलं बरं.)

इथे मुलांच्या लक्षात यायची गोष्ट एकच. चुकलेल्या उत्तरातूनही कुलूप माहिती देतं: ‘सगळं चूक’ एवढंच न सांगता ‘यातला एक बरोबर आहे’ असंही सांगून जातं. हीच चूक वायफाय राउटरच्या डब्ल्यूपीएस पिनमध्ये (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायच्या सोयीचा आकडा) २०११ साली उघडकीस आली. पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा पडताळणीचा (आधीच्या सात आकड्यांवरून निघणारा), आणि राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासून उत्तर द्यायचा. म्हणजे १०,००० अधिक १,०००, एकूण फक्त ११,००० प्रयत्न.

मग प्रयोगशाळेत याच कुलपाची सॉफ्टवेअरमधली आवृत्ती करायला द्या. टोकन (ओळख पटवणारी गुप्त अक्षरांची ओळ) एकेक अक्षर तपासणारा आणि पहिल्या चुकीला थांबणारा छोटा सर्व्हर लिहायला सांगा. सुरुवातीची अक्षरं जितकी बरोबर, तितकं उत्तर उशिरा येतं. प्रत्येक बरोबर अक्षरानंतर मुद्दाम २० मिलिसेकंद थांबा घाला, नाहीतर पहिल्याच दिवशी नेटवर्कच्या गोंधळात फरक दिसत नाही आणि मुलं कंटाळतात. मग थांबा कमी करत न्या. प्रत्येक अंदाज १०० वेळा मोजायचा आणि मध्यक घ्यायचा. सरासरी घेऊ नका, एखादी रखडलेली विनंती ती बिघडवून टाकते. दुरुस्ती शेवटी: तपासणी कुठेही न थांबता पूर्ण करायची. पायथन भाषेच्या एचमॅक (hmac) मॉड्यूलमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे.

सायकलकडूनच दुसरा धडा मिळतो तो २०२४ मधला. सॅन डिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ इथल्या संशोधकांनी सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या डीआयटू या बिनतारी गिअरचे संदेश रेडिओवर टिपले आणि साधारण १० मीटरवरून तेच पुन्हा पाठवून गिअर बदलून दाखवला. संदेशाचा अर्थ उलगडायची गरजच पडली नाही. तो ताजा आहे की जुना, हे गिअर तपासत नव्हता. शिमानोने फर्मवेअर (गिअरमधलं सॉफ्टवेअर) बदललं. वर्गात हे बंद पाकिटाने दाखवता येतं: पाकीट न उघडता त्याची हुबेहूब नक्कल केली तरी काम होतं, प्रत्येक पाकिटावर चढता क्रमांक घातला की होत नाही. लांब पल्ल्याच्या सायकल टूरवाल्यांना तसा हा प्रश्न नाही. त्यांना तारेचाच गिअर बरा, तार तुटली तर रस्त्याच्या कडेला ॲलन कीने (षटकोनी चावीने) नवी बसवता येते.

तिसरा धडा नकाशाचा. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या जागतिक हीटमॅपवरून (लोक कुठून जास्त जातात ते दाखवणाऱ्या नकाशावरून) लष्करी तळांच्या वाटा दिसतात, हे जानेवारी २०१८ मध्ये जगाला कळलं. पण मुलांना शाळेतलं प्रमेय द्या. ट्रॅकचा (जीपीएसने नोंदलेल्या वाटेचा) घराजवळचा भाग घर केंद्र धरून वर्तुळाने झाकला, तर वेगवेगळ्या दिवशीचे ट्रॅक त्या वर्तुळाच्या कडेवर तुटतात. असे तीन बिंदू घ्या, दोन जीवांचे लंबदुभाजक काढा. ते छेदतात तिथे घर. प्रत्यक्षात उत्तर हुकतं, कारण ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल दर पाच सेकंदांच्या दोन नोंदींमध्ये सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते. बिंदू एकाच बाजूला असतील तर ही चूक कैकपट वाढते, म्हणून भरपूर ट्रॅक घ्यावे लागतात. ट्रॅक बनवलेले वापरा, कुणाचे खरे नकोत. टूरवर उपाय सोपा: मुक्काम हलल्यावरच ट्रॅक अपलोड करायचा.

शेवटचा गृहपाठ हँडलबार बॅगेचा. बॅगेत फोन आणि डेबिट कार्ड दोन्ही आहेत, बॅग गेली. कार्ड वापरून यूपीआय पिन नव्याने लावताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी मागितला जातो, आणि या तिन्ही गोष्टी एकाच झिपमागे. (घाटातल्या माकडांनाही हीच झिप आवडते, पण त्यांचा हल्ला फक्त उपलब्धतेवर.) कार्ड अंगावर ठेवा. लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर लपवा. सिमला पिन लावा. नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिकडे येतो. पिन तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) मागितला जातो, पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. म्हणून पीयूके आणि फोनचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, मागच्या पॅनिअरच्या (कॅरिअरला लटकवायच्या बॅगेच्या) तळाशी ठेवायचा.