पहाटे साडेपाचची पन्नास मतं

(दृश्य: रमणमळा, शासकीय गोदामाचं फाटक. बाहेर बंदोबस्ताचा तंबू.)

कोल्हापूरच्या माणसाला मतपत्रिका अजून परकी झालेली नाही. गोकुळ दूध संघ असो, जिल्हा बँक असो, साखर कारखाना असो, तिथं आजही कागदावर शिक्का मारून पेटीतच टाकायचं. लोकसभा-विधानसभेला मात्र मतदानाचं मशीन (ईव्हीएम) येतं, आणि चहाच्या गाड्यावर वाद रंगतो: मशीन बरं की कागद?

या वादात एक गोष्ट मागे पडते. मशीन असो वा पेटी, मताची राखण व्हायची ती माणसांच्या डोळ्यांदेखत. त्यासाठी उमेदवारांचे प्रतिनिधी बसवायची सोय नियमातच आहे. प्रश्न एवढाच, की ते वेळेवर येतात का.

(दृश्य: शाहूवाडी तालुक्याकडे निघालेली एसटी. आत मतदान कर्मचारी, मांडीवर मशीनच्या पेट्या.)

कुठलं मशीन कुठल्या गावाला जाणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. संगणकावर दोनदा सरमिसळ होते. पहिल्या वेळी मशीन कुठल्या विधानसभेला जाणार ते ठरतं, दुसऱ्या वेळी कुठल्या केंद्राला. मशीनच्या क्रमांकांची यादी उमेदवारांना मिळते. ही यादी जपून ठेवा, ती पुढं लागणार आहे.

(दृश्य: पहाट. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, ट्यूबलाइट.)

मतदान सातला सुरू होतं. पण खरी परीक्षा त्याच्या दीड तास आधी, साडेपाचला असते. याला मॉक पोल म्हणतात. प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकायची. प्रत्येक उमेदवाराला मत पडलं पाहिजे, नोटालाही. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमानं बटणं दाबायची. पडद्यावरचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला पडलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवायच्या. त्या चिठ्ठ्या बाहेर काढून, मागे मॉक पोलचा शिक्का मारून, काळ्या पाकिटात सील करायच्या. एकही चिठ्ठी आत राहता कामा नये. राहिली तर मोजणीच्या दिवशी हिशेब चुकतो.

यानंतर हिरवं कागदी सील लागतं. त्यावर छापील क्रमांक असतो. केंद्राध्यक्ष सही करतात, हजर प्रतिनिधीही करतात. आपल्या सहीचा कागद मशीनवर चिकटलेला असणं, याहून भक्कम पुरावा कार्यकर्त्याच्या हातात दुसरा नाही. तरीही मशीनवर सर्वांत मोठ्यानं बोलणारे अनेक जण या वेळी अंथरुणात असतात. हे आम्हाला खटकतं.

(दृश्य: रांग. डाव्या तर्जनीला शाई.)

पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्यानं पुकारतो, ते प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणूनच. शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागांतून घरटी कुणी ना कुणी मुंबईला असतं. कोण गावात आहे आणि कोण लालबागला, हे गावच्या प्रतिनिधीला यादीपेक्षा चांगलं कळतं. मुंबईच्या माणसाच्या नावावर दुसराच उभा राहिला, तर दोन रुपये भरून तिथंच हरकत घेता येते. केंद्राध्यक्ष लगेच चौकशी करतात. तोतया ठरला, तर त्याला पोलिसांच्या ताब्यात देतात.

आणि तुमचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर? परत फिरू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देतात आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निवडणूक न्यायालयात गेली तर ते उपयोगी पडू शकतं.

बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. घाई करू नका, चिन्ह बघूनच बाहेर या.

(दृश्य: संध्याकाळ. केंद्राध्यक्ष फॉर्म भरताहेत.)

शेवटचा मतदार गेला की क्लोजचं बटण दाबतात. त्यानंतर ते मशीन एकही मत घेत नाही. मग भरायचा फॉर्म १७-सी. एकूण मतं किती, मशीनचा क्रमांक कोणता, सील कोणतं, सगळं त्यात. त्याची खरी प्रत प्रतिनिधीला मिळते, पण हजर असलेल्यालाच. सहालाच जेवायला गेलेल्याला नाही.

(दृश्य: ४ जून २०२४ च्या मोजणीची दृश्यं.)

मोजणीपर्यंत मशीन ठेवलेल्या खोलीला, म्हणजे स्ट्राँग रूमला, दुहेरी कुलूप, सीसीटीव्ही आणि सशस्त्र पहारा असतो. उमेदवाराची माणसंही बाहेर बसू शकतात. त्या लोकसभेला कोल्हापूरची मोजणी इथं रमणमळ्यात झाली, हातकणंगल्याची राजाराम तलावाच्या गोदामात. टेबलावर मशीन आलं की आधी क्रमांक आणि सील १७-सी शी ताडून बघायचं, मगच रिझल्टचं बटण. जुळलं नाही, तर मशीन बाजूला ठेवतात.

२०१४ ला शाहूवाडी विधानसभेचा निकाल ३८८ मतांनी लागला. एका मोठ्या केंद्राच्या यादीत याहून जास्त नावं असतात. एका केंद्राचा कागद हरवला, तरी काय होऊ शकतं, ते या आकड्यावरून कळतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानं प्रत्येक विधानसभेतल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हातानं मोजतात. केंद्रं सोडत काढून निवडतात. हातकणंगले लोकसभेत सहा विधानसभा येतात, म्हणजे तीस केंद्रं. मशीन आणि चिठ्ठी यांत फरक पडला, तर चिठ्ठीचा आकडा धरायचा, असा नियम आहे. याच न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानं आणखी एक दार उघडलं: दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निवडणुकीच्या निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते.

(दृश्य: महापालिकेची इमारत.)

महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तिथं मशीनला व्हीव्हीपॅट नसतो. बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला अनेक मतं द्यायची असतात, आणि चिन्ह बरोबर उमटलं का, हे बघायला काच नाही. पंचायत समितीचा गण तर पाच-पन्नास मतांनीही फिरतो. हातानं पडताळायचा कागद तिथंच नसावा, हे पटत नाही. व्हीव्हीपॅट या निवडणुकांनाही लावा, ही आमची मागणी आहे.