तिमिशोआरा : स्वस्त शहर, महाग दार

(दृश्य : पहाटेचं लिस्बन. रिकामी पिवळी ट्राम चढावरून वर येतेय.)

पुण्यातल्या ऑफिसात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा लिस्बनमध्ये पहाटेचे साडेपाच झालेले असतात. हे उन्हाळ्यात. हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे जातं आणि तीच मीटिंग साडेचारला येते. युरोपातलं स्वस्त शहर शोधायला बसलं की कॉफी कितीला, बिअर कितीला, बसचा पास कितीला हे सगळं दोन मिनिटांत सापडतं. ऑफिस भारतात असेल तर तिथं झोपायचं कधी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

लिस्बन एकेकाळी खरोखर स्वस्त होतं. 2012 मध्ये पोर्तुगालनं घर विकत घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी भाड्याचे कायदेही सैल केले. 2016 मध्ये ‘वेब समिट’ ही तंत्रज्ञानाची मोठी परिषद डब्लिनहून इथे आली. 2022 च्या ऑक्टोबरात दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा निघाला. 2023 मध्ये सरकारनं घरखरेदीवर मिळणारा परवाना बंद केला, पण तोवर आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांतून जुने भाडेकरू निघून गेले होते आणि चाकांच्या बॅगांचा खडखडाट तेवढा वाढला होता. 2025 मध्ये पोर्तुगालचं किमान वेतन होतं महिना 870 युरो. एवढ्या भाड्यात लिस्बनच्या मध्यभागी धड वन बीएचके मिळत नाही.

तेव्हा लिस्बन राहू द्या. नकाशावर उजवीकडे सरकू.

(दृश्य : बेगा कालवा, काठावरची झाडं, सायकली. दूरवर चर्चचे मनोरे.)

हे तिमिशोआरा. रोमानियाच्या पश्चिम टोकाला, बानात नावाच्या सपाट मुलखात. हंगेरी आणि सर्बिया दोन्ही हाकेच्या अंतरावर, बेलग्रेड दीडशे किलोमीटर. 1716 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं हे शहर तुर्कांकडून घेतलं. भोवती सगळी दलदल होती. कालवा खणून ती उपसली आणि सरळ रस्ते आखले. 1884 मध्ये इथल्या रस्त्यांवर विजेचे 731 दिवे लागले. युरोपात सगळ्यात आधी विजेचे दिवे आमच्या रस्त्यांवर आले, असं तिमिशोआराचे लोक सांगतात, आणि सांगताना छाती थोडी पुढे येतेच.

1989 च्या डिसेंबरात रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्याविरुद्धचा उठाव याच शहरात पेटला. एका हंगेरियन पाद्र्याला घराबाहेर काढायला पोलीस आले, लोक आडवे उभे राहिले, आणि चार दिवसांत, 20 डिसेंबरला, ऑपेरा हाउसच्या सज्जातून तिमिशोआरा मुक्त झाल्याची घोषणा झाली. आज त्याच चौकात लोक आइस्क्रीम खात बाकांवर बसलेले दिसतील. काही इमारतींवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत.

2023 मध्ये हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्या निमित्तानं रंगरंगोटी झाली, पण ती मुख्य चौकांपुरती. योसेफिन आणि फाब्रिक या जुन्या भागांत गेलात तर नक्षीदार दर्शनी भिंतींचं प्लास्टर हातात येईल. इथले पुष्कळसे जर्मन रहिवासी चाउशेस्कूच्या काळात आणि नंतर 1990 च्या आसपास जर्मनीला निघून गेले. त्यांची घरं मागे राहिली. शहर देखणं आहे, पण मेकअप केलेलं नाही. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेल असं नाही.

आता घड्याळ. रोमानियाची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. उन्हाळ्यात पुण्याचे दहा म्हणजे इथले साडेसात. साडेचारला लॅपटॉप मिटता येतो. शिवाय तिमिशोआरा देशाच्या अगदी पश्चिमेला असूनही घड्याळ राजधानी बुखारेस्टचंच पाळतं, त्यामुळे जूनमध्ये रात्री साडेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो. काम संपल्यावर पाच तास उजेड. अमेरिकेसाठी काम करत असाल तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथले दुपारचे चार. त्याच वेळी पुण्यात साडेसहा वाजलेले असतात आणि पुढची अर्धी रात्र कामातच जाणार असते. हा फरक पैशांत मोजता येत नाही, पण शहर निवडताना मी तो भाड्याच्या आधी मोजेन.

(दृश्य : दोन इमारतींमधून गेलेला काळ्या केबलींचा गुंता. कॅमेरा त्यावरून हळूहळू खाली उतरतो.)

इंटरनेट. इथे थोडं थांबू, कारण गोष्ट मजेशीर आहे. रोमानियात घरगुती गिगाबिट इंटरनेट महिन्याला दहा युरोंच्या आतबाहेर मिळतं, आणि ते खरोखर गिगाबिट असतं. यामागे कुठलीही सरकारी योजना नव्हती. नव्वदीच्या शेवटी सरकारी टेलिफोन कंपनीचं कनेक्शन महाग आणि मंद होतं, 2003 पर्यंत मक्तेदारीही तिचीच होती. कम्युनिस्ट काळात बांधलेल्या सिमेंटच्या उंच इमारती मात्र एकमेकींना खेटून उभ्या. कॉलनीतल्या पोरांनी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबल टाकली. आपल्याकडे त्याच सुमारास केबलवाल्यांनी गल्लीभर वायरी ताणल्या होत्या, तसंच. आधी नुसते गेम खेळायला, सिनेमे एकमेकांना द्यायला. मग सगळ्यांनी मिळून एक इंटरनेट जोडणी घेतली आणि वर्गणी काढली. अशी शेकडो छोटी जाळी तयार झाली, त्यांच्यात चढाओढ लागली, पुढे मोठ्या कंपन्यांनी ती एकेक करून विकत घेतली आणि थेट फायबर टाकलं. जुनी तांब्याची तार सांभाळत बसायची गरजच नव्हती. तो गुंता अजून काही खांबांवर लोंबतोय. दिसायला वाईट, चालायला उत्तम.

(दृश्य : फ्लॅटचा अरुंद पॅसेज. तीन दारं, तिन्ही बंद.)

आणि आता घर. तिमिशोआरात मध्यवर्ती भागाजवळ दोन खोल्यांचं सुसज्ज घर साधारण साडेचारशे-पाचशे युरोंना मिळतं. इथल्या हिशेबात हॉलही खोलीच मोजतात, म्हणजे दोन खोल्या हा आपला वन बीएचके. डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं, आणि दलाल असेल तर बहुधा अर्ध्या महिन्याचं भाडं त्याला.

जाहिरातीत दोन शब्द शोधायचे. पहिला, ‘डेकोमांदात’. म्हणजे प्रत्येक खोलीचं दार पॅसेजमध्ये उघडतं. ते नसेल तर बेडरूममध्ये जायला हॉलमधून जावं लागतं, आणि घरात दोघं कॉलवर असतील तर एकाच्या मीटिंगमध्ये दुसऱ्याचा टॉवेल दिसतो. हा शब्द घरातून काम करण्याच्या कितीतरी आधीचा आहे, पण आता त्याला सोन्याचा भाव आला आहे. दुसरा शब्द, ‘चेंत्राला प्रोप्रिए’, म्हणजे घराचा स्वतःचा गॅस बॉयलर. नाहीतर हिवाळ्यातली ऊब शहराच्या सामाईक पाइपातून येते, आणि त्या व्यवस्थेची तब्येत गेल्या काही वर्षांत फारशी बरी नाही. जानेवारीत तापमान शून्याच्या आसपास असतं, सपाट मुलखावर दिवसचे दिवस धुकं बसतं. अशा वेळी बॉयलरचं बटण आपल्या हातात असलेलं बरं.

बुखारेस्टमध्ये घर बघत असाल तर तिसरी गोष्ट इमारतीच्या दर्शनी भिंतीवर शोधायची : लाल गोल खूण. 4 मार्च 1977 च्या भूकंपात रोमानियात सुमारे दीड हजार माणसं गेली, बहुतेक बुखारेस्टमध्ये. पुन्हा तसा धक्का बसला तर कोसळण्याचा सर्वाधिक धोका ज्या इमारतींना आहे, त्यांच्यावर ही खूण लावतात. उंच छत, लाकडी जमीन, मोक्याची जागा आणि भाडं नवलाचं कमी, असं दिसलं की आधी फुटपाथवर जाऊन भिंतीकडे बघावं. क्लुजचं नाव घेऊन कुणी ‘रोमानिया स्वस्त’ म्हणत असेल तर त्याचंही फारसं मनावर घेऊ नका. आयटी कंपन्यांनी क्लुजला देशातलं सगळ्यात महाग घरांचं शहर करून ठेवलंय.

(दृश्य : बेकरीची काचेची खिडकी, गरम कोव्रिग, म्हणजे गोल वळलेले पाव. रांगेतल्या आजी पिशवी सावरतात.)

शाकाहारी माणसानं इथे एक लेबल ओळखून ठेवावं, ‘दे पोस्त’. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास भरपूर : ईस्टरच्या आधी, नाताळच्या आधी, शिवाय बुधवार-शुक्रवार. त्या उपवासात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. त्यामुळे बेकरीपासून सुपरमार्केटपर्यंत उपवासाचे पदार्थ वेगळे मांडलेले असतात. शरद ऋतूत भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि वांग्यांची ‘झाकुस्का’ बरण्यांत भरून ठेवतात. ती पावावर लावून खाल्ली की भरताची आठवण आल्याशिवाय राहत नाही. कांदा-मिरचीची फोडणी आपली आपण द्यावी.

इथपर्यंत सगळं छान. आता दार.

(दृश्य : व्हिसाचा अर्ज भरलेला स्क्रीन. ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यावर कर्सर लुकलुकतोय.)

2020 च्या उन्हाळ्यात एस्टोनियानं दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसा काढला आणि मग बाकीच्या देशांची रांग लागली. रोमानियाचा कायदा 2022 च्या जानेवारीतला. तुमची कंपनी रोमानियाबाहेर नोंदलेली हवी आणि किमान तीन वर्षं जुनी हवी. तीस हजार युरोंचा आरोग्य विमा हवा. आणि मागचे सहा महिने तुमचं उत्पन्न रोमानियातल्या सरासरी एकूण पगाराच्या तिप्पट असायला हवं.

ही तिप्पटच खरी मेख आहे. रोमानियातले पगार गेल्या काही वर्षांत भराभर वाढले, त्यामुळे ही अटही आपोआप वर चढली. 2025 मध्ये ती पाच हजार युरोंच्या वर गेली होती. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिना पाच लाखांच्या वर. पाचशे युरोंच्या घरात राहण्यासाठी!

शेजारी बघा. हंगेरीचं व्हाइट कार्ड, म्हणजे दूरस्थ काम करणाऱ्यांचा परवाना, तीन हजार युरोंवर मिळतं, पण त्यावर कुटुंबाला नेता येत नाही. स्पेननं तर अट किमान वेतनाला बांधली आहे, दुप्पट, म्हणजे 2025 च्या हिशेबानं सुमारे 2,800 युरो. पण वॅलेन्सियात भाडं हजाराच्या वर. म्हणजे स्वस्त शहरात शिरायला पगार जास्त लागतो आणि महाग शहरात शिरायला कमी. पुण्यात दोन लाख कमावणाऱ्याला दोन्हीकडे दार बंद. टुरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप काम करणारे आहेतच. रोमानिया आणि बल्गेरिया 2025 च्या सुरुवातीपासून पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, आले, त्यामुळे नव्वद दिवस इथे आणि नव्वद दिवस पलीकडे हा जुना खेळही संपला. 180 दिवसांत नव्वद, सगळ्या देशांत मिळून. आणि टुरिस्ट व्हिसा हा कामाचा परवाना नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही.

रोमानियाला परकी माणसं नकोत असं मात्र नाही. 2022 ते 2025 या काळात सरकारनं युरोपीय संघाबाहेरच्या कामगारांसाठी वर्षाला एक लाख परवाने राखून ठेवले, कारण स्वतःची लाखो माणसं इटली, स्पेन, जर्मनीत कामाला गेली. बुखारेस्टमध्ये जेवणाचं पार्सल घेऊन सायकलवरून येणारा मुलगा बरेचदा नेपाळ, बांगलादेश किंवा भारतातला असतो. त्याचा परवाना मालकाशी बांधलेला, लॅपटॉपवाल्याचा उत्पन्नाशी. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना रोमानियाचं नाव वेगळ्याच कारणानं माहीत आहे : युक्रेनमधून सीमा ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांना घेऊन पहिलं विमान 26 फेब्रुवारी 2022 ला बुखारेस्टहून मुंबईत उतरलं होतं.

ज्याचा पगार या अटीत बसतो, त्याच्यासाठी हिशेब चांगला आहे. 2023 च्या एका कायद्यानं, बारा महिन्यांत 183 दिवसांपेक्षा जास्त न राहणाऱ्या अशा व्हिसाधारकाला त्याच्या पगारावर रोमानियात आयकर भरावा लागत नाही. तेवढ्या मुक्कामात भारतातला करदाता म्हणून तुमचा दर्जाही सहसा बदलत नाही. म्हणून सलग दोन वर्षांची स्वप्नं बघण्यापेक्षा एप्रिल ते सप्टेंबर असा सहा महिन्यांचा मुक्काम सगळ्यात सुटसुटीत. धुकंही चुकतं. निघण्याआधी सीएकडे एक फेरी मारावी.

आणि हो, बुखारेस्टला ट्रेननं जायचा बेत करू नका. साडेपाचशे किलोमीटरला नऊ-दहा तास लागतात. विमान आहे.

(दृश्य : विद्यापीठाजवळची भिंत, ‘भाड्यानं देणे आहे’ अशा चिठ्ठ्या, खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या.)

घराचा करार करविभागाकडे नोंदवायला तयार असलेलाच मालक शोधा. काही जण कर वाचवायला नोंदणी टाळतात, भाडं थोडं कमीही करतात, पण नोंद नसलेला कागद राहण्याच्या परवान्याच्या अर्जात उपयोगाचा ठरत नाही. हा प्रश्न फोनवरच विचारावा, घर बघायला जाण्याआधी. इथे विद्यापीठांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं; ऑगस्टच्या शेवटापासून हजारो विद्यार्थी घरं शोधत फिरतात आणि भिंतीवरच्या या पट्ट्या दोन दिवसांत फाडल्या जातात. एप्रिलमध्ये याच भिंतीवर त्या आठवडाभर तशाच लटकत असतात, आणि मालक भाव करायला तयार असतो.