एकाच मागावरून

कुर्ला पश्चिमेला, सीएसटी रस्त्यालगतच्या या गॅरेजमध्ये उभा असलेला ट्रक एकेकाळी सैन्याचा होता. लिलावातून तो खासगी मालकाकडे आला आणि आता चित्रीकरणांसाठी भाड्याने जातो. पुढे दोन चाके, मागच्या दोन्ही धुऱ्यांवर जोडचाके, असे त्याचे एकूण दहा टायर आहेत. मालकाला सहाच ठेवायचे आहेत.

ही निव्वळ हौस नव्हे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैन्याचा अडीच टनी जीएमसी ट्रक मागे जोडचाकांवर धावत असे. पण त्याच्याच यंत्रणेवर बेतलेल्या, समुद्रातून वाळूवर चढणाऱ्या ‘डक’ला मात्र सहा एकेरी, रुंद चाके दिली गेली. युद्धानंतरच्या अमेरिकन सैन्याच्या एम-३५ ट्रकला जोडचाके होती आणि त्याच्याच भावंडाला, एम-३४ ला, ११.००-२० मापाची एकेरी. कारण साधे आहे. पुढचे चाक चिखल दाबत जो माग काढते, त्याच मागातून मागचे एकेरी चाक सहज जाते; जोडचाकांना मात्र दोन्ही अंगांना नवा चिखल कापावा लागतो, शिवाय दोन टायरांच्या मधे दगड अडकतात ते वेगळेच.

मात्र जोडीतले एक चाक नुसते काढून टाकून भागत नाही. उरलेले चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही आणि खरे काम तिथूनच, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या हबपासून, सुरू होते.

मिस्त्रींच्या हातातला पाना पाहा. डाव्या बाजूचे नट ते उलटे फिरवत आहेत, कारण या बाजूचे आटे डावे आहेत. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवण्याऐवजी आवळत बसतो. नंतर हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाला गती देणारा दांडा, बाहेर येतो. त्यावर ट्रकचे वजन नसतेच. तो फक्त फिरवण्याचे काम करतो आणि भार असतो तो हबमधल्या दोन टेपर रोलर बेअरिंगांवर. या हबची दोन्ही बेअरिंगे एकाच मापाची निघाली, म्हणूनच चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आणण्यासाठी तो उलटा बसवता येणार आहे. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे शू जागचे हलत नाहीत, त्यामुळे ड्रम हबच्या दुसऱ्या बाजूला घेऊन पुन्हा त्यांच्यावरच आणावा लागतो. त्यासाठी हबमधले जुने स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट, प्रेसवर काढून नवे ठोकले जातात. ग्रीस भरून झाले की बेअरिंगचा नट आवळायचा, हब हाताने फिरवायचा, नट किंचित सैल करायचा आणि पुन्हा फिरवून पाहायचा. आमच्या कॅमेऱ्यासमोर एकाच हबसाठी हे सात वेळा झाले.

भार वाहण्याची क्षमता यामुळे घटते, मोठ्या टायरमुळे ब्रेकवर ताण वाढतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, जे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अधिक ठामपणे अधोरेखित केले, उत्पादकाच्या मूळ तपशिलात असा बदल केलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही. हा ट्रक ट्रेलरवर चढूनच चित्रीकरणाला जाईल.

शेवटचे चाक चढले आहे. रात्रभर पाऊस झाला आहे. फाटकाच्या आत, ओल्या मातीवरून ट्रक दहा-बारा फूट पुढे सरकतो आणि थांबतो. मिस्त्री वाकून जमिनीकडे पाहतात. मागे माग दोनच उमटले आहेत.