तर्जनीचं एक पेर आणि टक्के कशाचे

नमस्कार श्रोतेहो.

पॉवर प्रेसवरच्या कामगाराच्या उजव्या तर्जनीचं टोकाचं पेर शेवटच्या सांध्यातून तुटलं. जखम भरली, टाके निघाले, माणूस कामावर यायला लागला. त्याचं नुकसान किती टक्के झालं? हा अपघात अमेरिकेत, टेक्सासमध्ये झाला असेल तर उत्तर येतं पाच टक्के. भोसरीत किंवा अंबडमध्ये झाला असेल तर नऊ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत.

आधी तो पाचचा आकडा कुठून येतो ते पाहू. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही तिथल्या डॉक्टरांची संघटना. कायमच्या इजेचं मोजमाप कसं करावं हे ठरवायला तिने १९५६ मध्ये एक समिती नेमली. १९५८ च्या फेब्रुवारीत संघटनेच्या साप्ताहिकात हातपाय आणि पाठ यांच्याबद्दलचा पहिला लेख आला. पुढे डोळे, कान, हृदय असं करत १९७० पर्यंत असे तेरा लेख झाले आणि १९७१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. आज त्याची सहावी आवृत्ती चालू आहे.

या पुस्तकाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि माझ्या मते त्याचं खरं काम हेच. एक म्हणजे इम्पेअरमेंट, शरीराच्या भागात किंवा त्याच्या कामात आलेली उणीव. ती डॉक्टरने मोजायची. दुसरी डिसॅबिलिटी, म्हणजे त्या उणिवेमुळे या माणसाला काय करता येत नाही. तिथे शरीराइतकाच त्याचा धंदा, वय, शिक्षण यांचाही विचार करावा लागतो. तर्जनीचं टोक गेलं तर बातम्या वाचणाऱ्याचं काम दुसऱ्या दिवशीही चालेल. तबलजीला मात्र चाटीवरचा ‘ना’ कसा वाजवायचा हा प्रश्न पडेल. पेर तेच आणि इम्पेअरमेंटही तेच.

आता गणित. चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीत पंजा म्हणजे शंभर धरला आहे. त्यातले अंगठ्याला ४०, तर्जनीला आणि मधल्या बोटाला २०-२०, अनामिका आणि करंगळीला १०-१०. शेवटच्या सांध्यातून बोट तुटलं तर बोटाचं नुकसान ४५ टक्के. वीसचे ४५ टक्के म्हणजे पंजाचे ९. पंजा म्हणजे अख्ख्या हाताचे ९० टक्के, म्हणून ९ चे झाले ८. आणि हात म्हणजे संपूर्ण माणसाचे ६० टक्के, म्हणून ८ चे झाले ५. एकाच पेराचे हे चार आकडे: ४५, ९, ८ आणि ५. अहवालात नुसता आकडा लिहिला आणि तो कशाचा हे लिहिलं नाही, तर ज्याला जो सोयीचा तो तोच उचलणार.

मोजायचं कधी? जखम स्थिरावल्यावर. उपचार केले किंवा नाही केले तरी पुढच्या वर्षभरात फारसा फरक पडणार नाही, अशा टप्प्यावर. प्लास्टर काढल्या काढल्या सांधा मोजला तर तो आखडलेलाच असणार. फिजिओथेरपीनंतर तोच सांधा बराच मोकळा होतो आणि पहिला आकडा फुगलेला ठरतो.

सांध्याची हालचाल गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाने मोजतात. बोटाचा मधला सांधा १०० अंश वाकायला हवा, टोकाचा ७०. स्पर्शासाठी बोटाच्या पेरावर दोन टोकं एकदम टेकवतात. सहा मिलिमीटरच्या अंतरावर ती दोन म्हणून कळली तर संवेदना ठीक. पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर लागलं, तर त्या भागाची संवेदना पूर्ण गेली असं धरतात. मुठीची ताकद डायनॅमोमीटरवर पुन्हा पुन्हा बघतात. आकड्यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक आला, तर माणूस पूर्ण जोर लावत नाही असं मानायला जागा असते. कधी तो लबाडी करतो, कधी दुखतंय म्हणून हात आखडता घेतो. हे यंत्राला कळत नाही, समोरच्या डॉक्टरनेच ओळखायचं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बेरजेत. एकाच माणसाला एक इजा ३० टक्क्यांची आणि दुसरी २० ची असेल, तर एकूण ५० होत नाहीत. तीस गेल्यावर उरले सत्तर. दुसरी इजा त्या सत्तरातूनच जाणार. सत्तरचे वीस टक्के चौदा, म्हणून एकूण ४४. या हिशेबाने शंभरच्या वर आकडा जाऊच शकत नाही. दुसरी चूक एकच नुकसान दोनदा मोजण्याची. बोट तुटल्याचे टक्के दिले, आणि त्याच बोटामुळे मूठ कमजोर झाली म्हणून वर ताकदीचेही दिले. पाचव्या आवृत्तीत याला सरळ मनाई आहे.

आकडा मिळाला तरी पैसे ठरवतो तो कायदा. टेक्सास अजून चौथी आवृत्ती वापरतं आणि दर टक्क्याला तीन आठवड्यांचे पैसे देतं. आपल्या पेराचे पाच टक्के म्हणजे पंधरा आठवडे, दर आठवड्याला सरासरी पगाराच्या ७० टक्के. कॅलिफोर्नियात पाचवी आवृत्ती. तिथे २०१३ पासूनच्या अपघातांना पाच गुणिले १.४, म्हणजे सात, आणि मग धंदा आणि वय पाहून तो आकडा वरखाली होतो. कोलोरॅडोत तर तिसरीच आवृत्ती, सुधारलेली. नव्या आवृत्तीत काही इजांचे टक्के घटले, म्हणून कामगारांच्या वकिलांनी सहाव्या आवृत्तीला बराच विरोध केला.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट तर मासलेवाईक आहे. तिथल्या कायद्यात ‘सर्वात ताजी आवृत्ती’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे संघटनेने पुस्तक बदललं की राज्याचा कायदा आपोआप बदलणार. २०१७ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. कायदा करणं विधिमंडळाचं काम, ते खासगी संघटनेच्या हाती देता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मग २०१८ मध्ये विधिमंडळाने सहावी आवृत्ती, एप्रिल २००९ ची दुसरी छपाई, असं नेमकं लिहून टाकलं.

आपल्याकडे टक्के संघटनेच्या पुस्तकातून येत नाहीत, ते कायद्यातच छापलेले आहेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, अंगठ्याला ३० टक्के होते. अख्ख्या तर्जनीला १४, दोन पेरांना ११, एका पेराला ९. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हेच टक्के घेतले आहेत. पण हे टक्के शरीराचे नाहीत, कमाईच्या क्षमतेचे आहेत. अमेरिकन हिशेबातही पंजाचे नऊच आले होते, तो निव्वळ योगायोग.

अनुसूचीत नसलेल्या इजेला, समजा कंबरेच्या मणक्याला, कमाईची क्षमता किती घटली हे नोंदणीकृत डॉक्टरने सांगायचं असतं. गोंधळ होतो तो इथे. प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं ‘४५ टक्के अपंगत्व’, आणि ते असतं एका पायाचं. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फोड करून सांगितलं आहे: अवयवाचे टक्के वेगळे, अख्ख्या शरीराचे वेगळे, कमाईचे वेगळे. त्याआधी १९७५ मध्ये डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराचा खटला आला होता. त्या इजेला अनुसूचीत शंभर टक्के नव्हते, पण एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून न्यायालयाने शंभर टक्के मान्य केले.

रेल्वे पाससाठी किंवा अपंगांच्या सवलतींसाठी मिळालेलं प्रमाणपत्रही या कामाला जसंच्या तसं चालत नाही. तिथे प्रश्न कमाईचा नसतो. आणि ज्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता कापला जातो, त्याला या कायद्याखाली भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येत नाही. त्याचे टक्के ईएसआयचं वैद्यकीय मंडळ ठरवतं.

आता आपल्या कामगाराचे पैसे. वय ३० पूर्ण, भरपाईसाठी धरायच्या पगाराची २०२० मध्ये ठरलेली कमाल मर्यादा १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के ९,०००. वयानुसार कायद्यात दिलेला तिशीचा गुणक २०७.९८. गुणाकार येतो १८,७१,८२० रुपये, त्याचे ९ टक्के म्हणजे सुमारे १,६८,४६४ रुपये.

त्याच अनुसूचीत आणखी एक ओळ आहे: तर्जनीचं टोक कापलं गेलं, पण हाड गेलं नाही, तर ५ टक्के. म्हणजे ९३,५९१ रुपये. हाड गेलं की नाही हे नुसतं बाहेरून बघून नेहमी नक्की सांगता येत नाही. ते एक्स-रेत दिसतं. म्हणून कागदांसोबत अपघाताच्या दिवशीची फिल्म आणि जखम भरल्यानंतरची, अशा दोन्ही जोडा. आणि प्रमाणपत्रावर हाड कुठून गेलं, कोणत्या सांध्यापाशी, हे शब्दांत लिहून घ्या.