‘ते वेगळं’ (माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : रात्रीचे साडेदहा. कोथरूडमधल्या एका हॉटेलातलं गोल टेबल. हात, ताटल्या, मोबाइल. चेहरे दिसत नाहीत.)

आम्ही सहा जण. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनचे. आता कुणाचं पोट सुटलंय, कुणाला दोन मुलं आहेत, चौघांच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत. पण महिन्यातून एखादा शनिवार आम्ही सोडत नाही.

त्या शनिवारी वाढायला एक मुलगी होती. मणिपूरची. आमच्यातला एक जण, त्याला आपण नुसतं ‘मित्र’ म्हणू, हात वर करून म्हणाला, “ए चिंकी, मेनू दे गं.”

पाच जण हसले. त्या पाचांत मी होतो.

तिनं मेनू आणला. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बिल आलं तेव्हा मित्रानं बडीशेपेच्या वाटीखाली शंभराची नोट सरकवली आणि म्हणाला, “लांबून येतात रे ही पोरं. कष्टाळू असतात.”

‘चिंकी’ ही ईशान्येकडच्या लोकांच्या दिसण्यावरून दिली जाणारी शिवी. ती शिवी आणि ती टीप, दोन्ही एकाच माणसाची. आणि दोन्ही मनापासून. पुढचं सगळं अवघड झालं ते यामुळे.

(दृश्य : रिकामा रस्ता, गाडीच्या काचेतून.)

कारण हा माणूस कोण, ते मला माहीत आहे. एप्रिल 2021. पुण्यात बेड मिळत नव्हते. रात्री दोन वाजता माझ्या बाबांना मागच्या सीटवर झोपवून यानं चार हॉस्पिटलं पालथी घातली. मास्क लावून, काचा उघड्या ठेवून. स्वतःच्या घरी तान्हं बाळ असताना. नंतर त्यानं कधी त्याचा उच्चारही केला नाही. अशा माणसाला ‘वंशद्वेषी’ म्हणायला जीभ रेटत नाही. आणि तो शब्द तसाही कुणी स्वतःला लावून घेत नाही. आपल्याकडे समज असा की ते गोऱ्यांचं, तिकडे अमेरिकेत असतं. आपल्याकडे जात आहे, तेवढं पुरे.

खरं तर संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. तिथं कुणी कुणाची जागा घेतलेली नाही.

(दृश्य : पुणे स्टेशन. फलाटावर बॅगा.)

आता थोडं मागे जाऊ. ऑगस्ट 2012. आसाममध्ये कोक्राझारच्या भागात दंगल उसळलेली. इकडे पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली होती आणि मोबाइलवर अफवा फिरत होत्या की आता तुमची पाळी आहे. बंगळुरू, पुणे, चेन्नई, सगळीकडून हजारो लोक मिळेल त्या गाडीनं गुवाहाटीकडे निघाले. सरकारनं काही दिवस दिवसाला पाचच एसएमएसची मर्यादा घातली, इतकी पाळी आली.

आमच्या होस्टेलच्या मजल्यावर आसामचा एक मुलगा होता. त्यानंही बॅग भरली. त्याला स्टेशनवर सोडायला बाइक कुणी काढली? याच मित्रानं. पावसात. जनरलच्या डब्यात जागा मिळेपर्यंत थांबला. परत येऊन आम्हाला म्हणाला, “गेला बिचारा चिंग.”

त्याला सगळं होस्टेल ‘चिंग’च म्हणायचं. मीही. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हाही चिंगच. हा माहितीपट करायला घेतला आणि लक्षात आलं की दोन वर्षं एका नळावर दात घासलेल्या त्या मुलाचं खरं नाव मला आठवत नाही. कॉलेजचा जुना फोटो काढला. मागे नावं आहेत, पण त्यातलं कुठलं त्याचं, हे ओळखता येईना. म्हणून या निवेदनात मी मित्राकडे बोट दाखवतोय असं वाटलं तर ते अर्धंच खरं आहे.

(दृश्य : एका तरुणीचे हात. चहाचा कप. चेहरा नाही.)

हॉटेलातल्या त्या मुलीला नंतर भेटलो. कॅमेरा नको म्हणाली, नाव नको म्हणाली. माफी मागितली, तर जरा अवघडली. मग तिच्या हिंदीत जे बोलली त्याचा अर्थ साधारण असा : बोलणारा एकच असतो. त्याच्याकडे मी बघतच नाही. बाकीचे काय करतात ते बघते.

मी काय केलं होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. ग्रुपमधले मेसेज भराभर सरकतात.)

आता माझे प्रयत्न. पहिला फसला. मी ग्रुपवर लेख टाकला. लेख होता निडो तानियावर. अरुणाचलचा, जेमतेम विशीतला विद्यार्थी. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. तिथल्या लोकांनी त्याच्या रंगवलेल्या केसांची, दिसण्याची टिंगल केली. तो चिडला, काच फुटली, त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. सरकारनं एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं त्याच वर्षी अहवाल दिला, अशा टिंगलीविरुद्ध कायद्यात वेगळी तरतूद करा म्हणून सांगितलं.

सुरुवात केसांवरच्या विनोदानं झाली होती, एवढंच मला म्हणायचं होतं.

एकानं हात जोडलेले टाकले. एकानं शुभ सकाळ. मित्रानं लिहिलं, “ते दिल्लीतलं. ते वेगळं.”

दुसरा प्रयत्न त्याहून वाईट. भर जेवणात आवाज चढवला. सांगितलं की 2012 सालीच केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना कळवलंय, अनुसूचित जमातीच्या माणसाला उद्देशून ‘चिंकी’ हा शब्द वापरला तर ॲट्रॉसिटीखाली कारवाई होऊ शकते. तो म्हणाला, “मग काय, केस टाकतोस का माझ्यावर?” सगळे हसले. आता हसण्याचा विषय मी होतो. पुढचे दोन शनिवार तो आला नाही, आणि बाकीच्यांनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं. चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस मुद्दा ऐकत नाही, इज्जत वाचवत बसतो. माझंही तेच झालं असतं.

(दृश्य : राजपुरीचा धक्का. शिडाची होडी. समोर जंजिरा.)

मग जंजिरा. मित्र गडकिल्ल्यांचा वेडा आहे. सह्याद्रीतला एकेक कडा त्याला पाठ. दोघंच गेलो, मुद्दाम. होडीत वीसेक पर्यटक आणि ओरडून ओरडून माहिती सांगणारा एक गाइड. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव, शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी जंग जंग पछाडूनही न पडलेला किल्ला, 1948 पर्यंत टिकलेलं, मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींचं संस्थान. मित्र गाइडच्या चुका काढत होता.

आमच्या या मित्राच्या शेजारच्या इमारतीत आफ्रिकेतले काही विद्यार्थी राहतात. कुठल्या देशाचे, ते त्यानं विचारलेलं नाही. तो त्यांना ‘हबशी’ म्हणतो. लिफ्टमध्ये ते असले की जिन्यानं जातो.

तटावर बसलो तेव्हा मी विचारलं, “हबशी म्हणजे काय रे?”

त्यानं एका दमात सांगितलं. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथला तो हबशी. आणि मग थांबवेना. मलिक अंबर कसा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, कसा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्यानं खडकी कशी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी नहरीनं शहरात कसं खेळवलं. 1624 ची भातवडीची लढाई : एकीकडे मोगल आणि आदिलशाही, दुसरीकडे मलिक अंबर, आणि त्याच्या बाजूनं लढणारे शहाजीराजे. शहाजीराजांचे भाऊ शरीफजीराजे तिथेच पडले. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. गनिमी काव्याची चर्चा करायची तर मलिक अंबराला वगळून चालत नाही, असं तोच म्हणाला.

मी म्हटलं, “मग लिफ्टमधली पोरं?”

“मलिक अंबर वेगळा.”

मी हसलो. या वेळी खरोखर हसू आलं. मग त्याला त्याच्याच मावशीची आठवण करून दिली. ती ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत राहायची. 1987 साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी होती. डॉट म्हणजे आपली टिकली. भारतीयांना इथून हुसकून लावू, अशी धमकी देणारं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोज मोदी या भारतीय माणसाला तरुणांच्या टोळक्यानं मारून टाकलं. मावशी बसमध्ये चढण्याआधी रुमालानं कुंकू पुसायची, ही गोष्ट आम्ही मित्राच्याच तोंडून निदान दहा वेळा ऐकली आहे. दर वेळी ती सांगताना त्याचा आवाज बदलतो.

“ते वेगळं,” तो म्हणाला. पण लगेच नाही म्हणाला. मध्ये एक होडी धक्क्याला लागून माणसं उतरून गेली, तेवढा वेळ गेला.

“कसं वेगळं?”

“प्रेमानं म्हणतो रे मी. माझ्या मनात काही नसतं.”

“हॉटेलातल्या त्या मुलीला कसं कळणार तुझ्या मनात काय आहे? तिला फक्त ‘चिंकी’ ऐकू येतं.”

त्यावर तो काही बोलला नाही. मीही ताणलं नाही. परतीच्या होडीत त्यानं मला ऊन लागू नये म्हणून जागा बदलून दिली.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या सहातला एक जण आता येत नाही. मार्च 2020 मध्ये दिल्लीत एका मणिपुरी तरुणीच्या अंगावर ‘कोरोना’ म्हणत एक माणूस थुंकला होता. ती बातमी आमच्या ग्रुपवर आली तेव्हा त्यानं लिहिलं, बरं केलं. त्याच्याशी मी होडीत बसून बोललो नाही. बोलणार नाही. टिंगल करणारा आणि ‘बरं केलं’ लिहिणारा, दोघांना एकाच मापानं मोजायला मी तयार नाही. कुणाला हे सोयीचं वाटेल. असेलही.

(दृश्य : पुन्हा तेच हॉटेल. तेच गोल टेबल. पाच खुर्च्या.)

गेल्या महिन्यात पुन्हा तिथेच बसलो. वाढायला दुसरा मुलगा होता, दार्जिलिंगकडचा असावा. आमच्यातल्या एकानं त्याच्याकडे बघून तोंड उघडलं. शब्द अर्धाच बाहेर आला असेल.

मित्र मध्येच म्हणाला, “ए, याच्यासमोर नको. याला चालत नाही.” आणि माझ्याकडे अंगठा दाखवला. चतुर्थीला कुणाच्या ताटाकडे बघून “याला अंडं चालत नाही” म्हणावं, अगदी त्याच सुरात.

मला राग यावा की बरं वाटावं, ते कळेना. मी पाण्याचा ग्लास उचलला.

मुलगा ऑर्डर घ्यायला आला. मित्रानं मेनू उलटसुलट केला, घसा खाकरला, दोनदा “अं” म्हणाला. हाक काय मारायची, हे त्याला सुचत नव्हतं.

मुलगा पेन घेऊन उभा होता.