मे महिन्यातली पातळ हवा

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्यात आमच्याकडे विमान शिकणाऱ्या मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "सर, पोराला पहाटेच का बोलावता? दुपारी तर आभाळ किती स्वच्छ असतं!" स्वच्छ असतं, हे खरंच. पण वैमानिकाचं हवामान फक्त ढगांत नसतं. ते तापमानात असतं, हवेच्या दाबात असतं.

माझ्या शिकाऊ दिवसांतली गोष्ट सांगतो. मे महिना, दुपारचे दोन, तापमान 44. टाकी भरलेली, आत आम्ही दोघं. ब्रेक सोडले, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे. आवाज नेहमीचाच, पण वेगाचा काटा रेंगाळत होता आणि धावपट्टीच्या टोकाची बाभळीची झाडं मोठी होत चालली होती. निम्मी पट्टी संपायच्या आत गुरुजींनी थ्रॉटल मागे ओढला. विमान परत आणलं, आणि तिथेच मांडीवर विमानाची पुस्तिका उघडली. उड्डाणाला किती पट्टी लागते, त्याचा तक्ता. त्यातला शेवटचा रकाना 40 अंशांचा होता.

कारण साधं आहे. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, पंख्याला ओढ कमी, तिन्ही एकदम. म्हणून वैमानिक घनता-उंची काढतो, म्हणजे आजची हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते. हिशेबासाठी ठरवलेल्या प्रमाण हवामानात समुद्रसपाटीला 15 अंश धरतात, आणि दर हजार फुटांना सुमारे 2 अंश कमी. आपली पट्टी 800 फुटांवर धरली, तर तिथे साडेतेरा अंशांच्या आसपास असायला हवेत. आहेत 44. जास्तीच्या प्रत्येक अंशाला 120 फूट त्या 800 मध्ये मिळवा. बेरीज साडेचार हजारांच्या घरात जाते. म्हणजे विमान उभं असतं तापीकाठच्या सपाटीवर, आणि वागतं महाबळेश्वरच्या माथ्यावर असल्यासारखं.

विद्यार्थ्यांनो, वेगमापकावर आकडा तोच दिसेल, पण विरळ हवेत जमिनीवरचा खरा वेग जास्त असतो. म्हणून उतरतानाही पट्टी जास्त लागते. हे बरेचजण विसरतात.

दुपारी आणखी एक त्रास. नांगरून पडलेली काळी रानं तापतात आणि हवा वर ढकलतात. शेजारीच केळीची बाग आली की विमान खाली बसतं. शेतात वावटळ उठलेली दिसली, तर धूळ संपते तिथे ती संपली असं समजू नका. तिचा झोत वर पुढेही चालू असतो. आणि संध्याकाळी सातपुड्यावर वळिवाचे ढग रचायला लागले, तर त्या दिवशी उडूच नका.

त्या दुपारनंतर गुरुजींनी मला दुसऱ्या दिवशी सव्वासहाला बोलावलं. तापमान 27. तेच विमान, तीच पट्टी, तितकंच इंधन. आदल्या दिवशी आम्ही थांबलो होतो, त्या जागेच्या बरंच अलीकडे चाकं जमिनीवरून सुटली.