रहाटाची गाडगी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल

(अलिबाग तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय ‘जनुकं, पेशी आणि हृदय’. त्याआधी एक विनंती. हात खाली न्या आणि टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी जाड शीर लागते, रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी बांधणारी, ती दोन बोटांच्या चिमटीत धरा. लाजू नका, सगळेच वाकलेत. आजोबा, तुम्ही वाकू नका, शेजारी नातू बसलाय त्याला सांगा. शिरेच्या दोन्ही बाजूंना खळगा लागतोय ना? कडा बोटाला कळतायत? मग ठीक. ज्यांना खळगा लागत नाही, शीर फुगीर आणि गाठाळ लागते, त्यांनी नंतर मला भेटल्याशिवाय घरी जायचं नाही.

माझ्या दादाची टाच तशी होती. सँडलचा मागचा पट्टा त्याला कायम काचायचा. नवी जोडी आणली की तो आधी पट्टा कापून टाकायचा. बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूनं टणक गोळे होते, मूठ वळली की पांढरट दिसायचे. आई म्हणायची, लहानपणापासून रहाटावर राबलाय, हाडं काटक आहेत. पस्तिशीतच त्याच्या बुबुळाच्या कडेनं राखाडी पांढरं कडं आलं होतं. लग्नातल्या फोटोत नाही, मुलाच्या मुंजीच्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं, आणि मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो.

१९९४ साली एसटी स्टँडवरून सायकलनं घरी येताना तो पडला. वय बेचाळीस. विडी नाही, दारू नाही, अंगावर चरबी नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मी गेली कित्येक वर्षं जागा शोधतोय. तेराव्याला पंगतीत बायका बोलल्या, आणि पुरुषही बोलले, की वहिनीचा हात सढळ. वाटणाशिवाय आमटी नाही, नारळाशिवाय भाजी नाही, नवऱ्याला खोबऱ्यानं मारलं. ती आत पानं पुसत होती, तिला ऐकू जात होतं. वाडीत नारळाची चाळीस झाडं. त्या दिवसापासून त्या घरात नारळ फुटला नाही. पाडेकरी यायचा, नारळ उतरवायचा, वहिनी मोजून विकायची, आणि घरात आमटी नुसत्या फोडणीची. अकरा वर्षं. मुलगा रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा तो सोलकढीसाठी. दादाच्या कागदांत नोकरीतल्या तपासणीचा एक रिपोर्ट सापडला होता, एकूण कोलेस्टेरॉल ३८०. खाली एकच सूचना होती, तेलकट टाळावे. त्याला मुलं आहेत का, भावंडं आहेत का, हे कोणी विचारलं नव्हतं. माझा राग त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

नारळ निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यातली घट्ट चरबी कोलेस्टेरॉल वाढवते, बेतानं खावा. पण दादाचं दुखणं चुलीवर शिजलेलं नव्हतं. ते पेशीच्या दारात होतं. ते दार मला तुम्हाला दाखवायचंय.

इथल्या वयस्क मंडळींनी रहाट चालताना पाहिलाय. तरुणांसाठी सांगतो. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली गाडग्यांची माळ, आणि बाजूला गोल फिरणारा रेडा. गाडगं उपडं खाली जातं, पाण्यात बुडून भरतं, वर येतं, पन्हळीत ओततं आणि पुन्हा उपडं होऊन खाली जातं. आमच्या रहाटाची माळ सुंभाची. रोज सकाळी दादा एकेक गाडगं हातानं हलवून बघायचा, गाठ सैल तर नाही ना म्हणून. एखादं गाडगं फुटलं तरी रहाट फिरतो, फक्त पन्हळीत पाण्याचा एक खंड पडतो. पाच फुटली तर शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचत नाही. ते आमच्या केळीला आधी कळायचं.

तर कोलेस्टेरॉल. हा कचरा आहे ही समजूत आधी काढून टाका. प्रत्येक पेशीच्या पटलात ते लागतं, पित्त आणि कितीतरी संप्रेरकं त्यापासून बनतात. आईच्या पोटातल्या गर्भालाही ते लागतं. अडचण एवढीच की ते पाण्यात विरघळत नाही आणि रक्त हे बहुतांशी पाणी. म्हणून शरीर त्याच्या पुड्या बांधतं. एलडीएल ही त्यातली एक पुडी. आत कोलेस्टेरॉलचे साधारण दीड हजार रेणू, बाहेरून पातळ आवरण आणि त्याभोवती गुंडाळलेलं एक लांबलचक प्रथिन. पुडीची रुंदी साधारण २२ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले बावीस.

ही पुडी रक्तातून पेशीत कशी शिरते? पेशीपटलातून ती झिरपत नाही, तेवढ्या मोठ्या वस्तूला तिथे वाट नाही. तिला उचलून आत न्यावं लागतं. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन उभं असतं, त्याला ग्राही म्हणतात. एलडीएलचा ग्राही पुडीचं बाहेरचं प्रथिन ओळखतो आणि धरतो. असे ग्राही पटलावरच्या लहान लहान खळग्यांत जमतात. खळग्यांना आतून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, टोपली विणावी तशी. खळगा खोल होतो, तोंड मिटतं, आणि ग्राही-पुडीसकट एक पिशवी पेशीच्या आत सुटते. पिशवीत आम्लता वाढते, तसा ग्राहीचा आकार बदलून त्याची पकड सुटते. पुडी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, जाऊन फुटते, कोलेस्टेरॉल मोकळं होतं. आणि रिकामा ग्राही? तो पृष्ठभागावर परत येतो, पुढची पुडी धरायला.

एका फेरीला साधारण दहा मिनिटं. पुडी धरलेली असो वा नसो, फेरी चुकत नाही. एक ग्राही सुमारे वीस तास टिकतो, म्हणजे शंभराच्या वर फेऱ्या मारतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून अंगणात गेलो. आमचा रहाट तोवर मोडला होता, पंप आला होता, पण चाकाचा कणा अजून विहिरीवर होता. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

हे कोणी शोधलं, तर मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी, अमेरिकेत डॅलसला. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. सुरुवात झाली ती आजारी मुलांपासून. काही मुलांच्या रक्तात एलडीएल ६०० ते १००० पर्यंत असतं, गुडघ्या-कोपरांवर पिवळ्या गाठी येतात आणि हृदयविकाराचा झटका शाळकरी वयात येतो. त्या वयाच्या मुलानं असं काय खाल्लेलं असणार! या दोघांनी अशा रुग्णांच्या त्वचेचा कणभर तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी काचपात्रात वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशी एलडीएल धरत होत्या, या पेशी धरत नव्हत्या. न उचललेल्या पुड्या रक्तातच राहतात, आणि त्यांतलं कोलेस्टेरॉल हृदयाच्या रक्तवाहिन्यांत, टाचेच्या शिरेत, बुबुळाच्या कडेला साचत जातं. दोष यकृताच्या किंवा हृदयाच्या पेशीतच बघायला हवा असं नव्हतं, तो त्वचेच्या पेशीतही होता, कारण तो जन्मापासून प्रत्येक पेशीत होता.

त्यातला एक रुग्ण शास्त्रात जे. डी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याच्या पेशी एलडीएल धरत होत्या, पण आत नेत नव्हत्या. ग्राही होता, पुडीही धरली होती, पण तो क्लॅथ्रिनच्या खळग्यात पोचतच नव्हता. गाडगं भरलंय आणि माळेला बांधलेलंच नाही, अशी गत. हा ग्राही ८३९ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, साखळी आहे. पुढे कळलं की जे. डी.च्या साखळीत ८०७ व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन आलं होतं. ८३९ मण्यांतला एक मणी. ग्राही खळग्यात जमतात आणि खळगा त्यांना आत नेतो, हे या एका मुलाच्या दोषामुळे उलगडलं. बीएस्सीच्या वर्गात मी हे दर वर्षी शिकवायचो. फळ्यावर खळग्याचं चित्र काढायचो, आणि दादाच्या टाचेशी त्याचा संबंध माझ्या मनात एकदाही जोडला गेला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

तो जोडला गेला २००५ मध्ये. पुतण्या बावीस वर्षांचा, नोकरीच्या तपासणीत त्याचं एलडीएल २४६ आलं. त्याला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, बूट काढ. त्यांनी टाच चाचपली आणि मग विचारलं, वडील कितव्या वर्षी गेले? त्या रात्री मी वहिनीकडे गेलो. मुंजीचा फोटो काढून तिला दादाच्या डोळ्यातलं कडं दाखवलं, कागदावर खळगा काढून दाखवला. म्हटलं, वहिनी, हे तुझ्या हातून झालेलं नाही, हे तो जन्माला येतानाच घेऊन आला होता. तिनं विचारलं, मग माझ्या पोराला? हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी विचारायला हवा होता.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. जनुकांचा भाग अजून तसाच आहे, तेव्हा भराभर सांगतो, लक्ष द्या.

या ग्राहीचा आराखडा, म्हणजे त्याचं जनुक, १९ व्या गुणसूत्रावर आहे. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असली की कामाचे ग्राही निम्मेच, म्हणून रक्तात एलडीएल साधारण दुप्पट. असं दर २५० माणसांमागे सुमारे एकाचं असतं. अडीच लाखांच्या तालुक्याला हाच हिशेब लावला तर हजारभर माणसं. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न होतं. दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असली, तर चारात एका मुलाला दोन्ही प्रती तशाच मिळण्याची शक्यता, म्हणजे ती मघाची पिवळ्या गाठींची मुलं.

औषधं आहेत, आणि ती याच रहाटावर काम करतात. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. स्टॅटिन पेशीची घरची कोलेस्टेरॉल-निर्मिती मंदावतं. मग पेशीला तुटवडा जाणवतो आणि ती जास्त ग्राही बनवून रक्तातून पुड्या ओढते. ज्याची एक प्रत चांगली आहे त्याची ती प्रत जास्त काम करू लागते. म्हणूनच ‘जनुकातच आहे, मग गोळीचा काय उपयोग’ हे म्हणणं चूक आहे. गोळी त्या चांगल्या जनुकालाच कामाला लावते.

दुसरं. आपल्या शरीरात पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिन असतं. ते ग्राहीला चिकटलं की ग्राही परत न येता लायसोसोममध्ये जातो आणि नष्ट होतो. माळेवरचं गाडगं तोडून विहिरीत टाकावं तसं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त काम करतं असं आढळलं. मग डॅलसला उलट बाजू सापडली. ज्यांचं हे जनुक बंद पडलेलं होतं त्यांचं एलडीएल जन्मभर कमी आणि हृदयविकारही फार कमी. दोन्ही प्रती निकामी असलेल्या एका बाईचं एलडीएल फक्त १४ होतं, आणि ती ठणठणीत होती. त्यावरून या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं तयार झाली आणि २०१५ पासून वापरात आली. आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आहे, ते हे प्रथिन बनवण्याचा संदेश पेशीतच पुसून टाकतं. महाग आहे. स्टॅटिनच्या गोळ्या मात्र स्वस्त आहेत आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

तिसरं, आणि हेच सांगायला मी आलो होतो. घरात कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेलं असेल तर नुसतं हळहळू नका. त्याच्या भावंडांची आणि मुलांची लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी करा. मोठ्या माणसात एलडीएल १९० च्या वर, आणि अशा घरातल्या मुलात १६० च्या वर आलं, तर तो कागद कपाटात ठेवू नका. डॉक्टरांना घरातल्या माणसांची वयं सांगा, कोण कितव्या वर्षी गेलं ते सांगा. मुलांची तपासणी आठ-दहा वर्षांची झाल्यावर नक्की करून घ्या. पुतण्याच्या मुलीची आम्ही नवव्या वर्षी केली. तिला ती प्रत मिळालेली नाही. तिच्या धाकट्या भावाला मिळालीय, आणि त्याच्यावर डॉक्टरांचं लक्ष आहे. तो इथेच आहे, मघाशी सगळ्यात आधी वाकून त्यानंच टाच धरली.

दुसरी चिठ्ठी आली, खालचा हॉल पुढच्या कार्यक्रमाला द्यायचाय. प्रश्न मी बाहेर पायरीवर घेतो. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही, पण टाच बघेन आणि तपासणीचं नाव चिठ्ठीवर लिहून देईन. ज्यांना खळगा लागला नाही ते आधी या. वहिनी दारात उभी आहे, तिच्याकडे कोकमाचं सरबत आहे, ते घेऊन जा.